भिंतीआडची वाडी

तुरुंग हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे एक उंच दगडी भिंत उभी राहते. तिच्यात एक भक्कम दार, दारावर पहारेकरी, आणि आत काय असेल याविषयी मनात थोडेसे भय. भंडारा शहरातही जिल्हा कारागृह आहे. त्या रस्त्याने जाता-येताना आपली नजर भिंतीपर्यंत पोहोचते आणि तेथूनच माघारी फिरते. परंतु मुलांनो, या भिंतीवरून पाऊस आत जातो, ऊन आत जाते, वारा आत जातो. मृगाचा पहिला पाऊस बाहेरच्या बांधीत पडतो तसाच तो आतल्या अंगणातही पडतो. मग त्या अंगणात भाजीपाला का पिकू नये? बाहेरच्या विद्यार्थ्यांनी आत जाऊन, तेथील स्त्रियांच्या हातात हात मिळवून एखादी वाडी का फुलवू नये? असे काम कसे करावे, त्यात अडचणी कोणत्या, आणि त्यातून काय साधते, याचा विचार आपण या पाठात करू.

प्रथम आत कोण असते ते पाहू. स्त्रिया आणि पुरुष यांना एकाच तुरुंगात ठेवावयाचे असेल तर त्यांच्या जागा पूर्णपणे वेगळ्या असल्या पाहिजेत, असे १८९४ च्या कारागृह कायद्याने ठरवून दिले होते. महाराष्ट्रात मुंबईतील भायखळा आणि पुण्यातील येरवडा येथे स्त्रियांसाठी स्वतंत्र कारागृहे आहेत. इतर अनेक ठिकाणी मोठ्या तुरुंगातच स्त्रियांसाठी एक वेगळा विभाग असतो. देशातील एकूण बंद्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण शेकडा चारच्या आसपास आहे. संख्या थोडी, म्हणून जागाही थोडी. पुष्कळदा एक-दोन खोल्या आणि त्यांच्यापुढचे एक अंगण एवढाच तो विभाग असतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. तुरुंगात असलेली प्रत्येक व्यक्ती अपराधी ठरलेली असतेच असे नाही. आपल्या देशातील कारागृहांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तिघांच्या खटल्याचा निकाल लागलेला नसतो. त्यांना न्यायाधीन बंदी म्हणतात. न्यायालयाने ज्यांचा अपराध सिद्ध झाल्याचे सांगून शिक्षा दिली आहे, ते सिद्धदोष बंदी. न्यायाधीन बंद्यांना काम करावयास भाग पाडता येत नाही. म्हणून वाडीचे काम हे सक्तीचे काम होऊ शकत नाही. ज्या स्त्रीची इच्छा असेल तिनेच खुरपे हाती घ्यावे. हा या कामाचा पहिला नियम होय.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. या भिंतीआड लहान मुलेही राहतात. त्यांनी काहीच केलेले नसते. आई आत आहे आणि बाहेर सांभाळणारे कोणी नाही, म्हणून ती आईबरोबर आली, किंवा तेथे असतानाच जन्मली. अशा मुलांना वयाची सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत आईजवळ राहता येते. त्यांना योग्य आहार, औषधोपचार, शिक्षण आणि खेळ मिळाला पाहिजे, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला. २०२२ च्या अखेरीस देशभरात अशी दीड हजारांहून अधिक मुले आपल्या आयांसोबत कारागृहांत होती. तुमच्यापैकी कित्येकांनी चालता येण्यापूर्वीच कोंबडीमागे रांगत जाऊन वांग्याचे झाड उपटले असेल! या मुलांना मात्र भाजी दिसते ती शिजवलेली, ताटातली. ती मातीतून येते, तिला आधी फूल येते, मग फळ धरते, हे त्यांना कोणी दाखवावयाचे? अंगणात चार वाफे असतील तर हे दाखवण्यासाठी वेगळ्या शाळेची गरज पडणार नाही.

तुरुंगात बाग करण्याची कल्पना नवी नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सरकारने पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव इत्यादी नेत्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात डांबले. तेथील जमीन अत्यंत वाईट होती. ती दगडगोट्यांची आणि जुन्या इमारतींच्या ढिगाऱ्यांची होती. तरीही नेहरू रोज कित्येक तास खणत, वाफे तयार करीत आणि फुलझाडे लावीत. खणता खणता त्यांना जमिनीखाली जुन्या भिंतींचे अवशेष सापडले. एकदा तर दगडात कोरलेले एक सुंदर कमळ त्यांच्या कुदळीपुढे आले. याच किल्ल्यात १९४४ साली त्यांनी भारताच्या इतिहासाचा शोध घेणारा आपला विख्यात ग्रंथ लिहिला.

दक्षिण आफ्रिकेचे नेते नेल्सन मंडेला यांनी सत्तावीस वर्षे कारावास भोगला. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात त्यांनी भिंतीलगतच्या एका अरुंद पट्ट्यात टोमॅटो, कांदे, मिरच्या लावल्या. त्यांनी जिवापाड जपलेले टोमॅटोचे एक रोप काही केल्या जगले नाही. तेव्हा त्यांनी ते मुळांसह उपटले, धुतले आणि बागेच्या एका कोपऱ्यात पुरले. ही हकीकत त्यांनी पत्रातून आपल्या पत्नीला कळविली. १९८२ साली त्यांना दुसऱ्या तुरुंगात हलविण्यात आले. तेथे तर जमीनच नव्हती. त्यांनी तेलाची सोळा मोठी पिंपे मागून घेतली, ती मधोमध कापून बत्तीस कुंड्या केल्या आणि गच्चीवर मळा फुलविला. त्या मळ्यातील भाजी इतर बंद्यांच्या स्वयंपाकात जाई. पहारेकऱ्यांनाही ते त्यातली भाजी देत. १९९० साली ते सुटले आणि १९९४ साली त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आपल्या महाराष्ट्रात याहून निराळा प्रयोग झाला. औंध हे त्या काळी एक लहानसे संस्थान होते. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली होती. मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडहून आलेले एक अभियंता त्यांच्या साहाय्यास होते. त्यांच्या प्रेरणेने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत सुरू झाली. तिला उंच भिंत नव्हती. शिक्षा झालेली माणसे तेथे आपल्या कुटुंबांसह राहत आणि शेती करीत. माणसावर विश्वास टाकला तर तो त्या विश्वासास पात्र ठरण्याची धडपड करतो, ही या वसाहतीमागची श्रद्धा होती. याच प्रयोगावरून सुचलेली कथा ग. दि. माडगूळकर यांनी लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्यातील सहा बंदी ओसाड जमिनीत भाजी पिकवितात आणि ती बाजारात नेऊन विकतात. आज महाराष्ट्रात पैठण, मोर्शी अशा ठिकाणी खुली कारागृहे आहेत. तेथील बंदीही शेतीत राबतात.

आता आपण आपल्या जिल्ह्याकडे वळू. येथील एखाद्या स्त्री-विभागात वाडी करावयाची झाली तर सुरुवात कोठून करावी?

सुरुवात परवानगीपासून करावी. कारागृहाचे अधीक्षक हे तेथील प्रमुख. त्यांच्याकडे महाविद्यालयाने लेखी विनंती केली पाहिजे. १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. या योजनेतील विद्यार्थिनी अशा कामास योग्य होत. त्यांची नावे आधी कळवावी लागतात. आत जाताना झडती द्यावी लागते आणि भ्रमणध्वनी बाहेर ठेवावा लागतो. याचा राग मानू नये. ज्याच्या घरी जावयाचे त्याच्या घरची रीत आपण पाळतोच.

नंतर जमीन पाहावी. आपल्या भंडारा जिल्ह्यात जुने शेतकरी मातीची अनेक नावे सांगतात : कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी. कन्हार म्हणजे खोल काळी माती आणि बरडी म्हणजे मुरमाड, हलकी माती. परंतु तुरुंगाच्या अंगणात बहुधा यांपैकी कोणतीच शुद्ध स्वरूपात सापडावयाची नाही. वर्षानुवर्षे पावलांखाली तुडवून ती दगडासारखी घट्ट झालेली असते, आणि तिच्यात विटांचे तुकडे व चुना मिसळलेला असतो. म्हणून आधी वीतभर खोल खणून खडे वेचावे लागतात. आपल्याकडे वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पाणी साचले की भाजीची मुळे कुजतात. धानाला पाण्यात उभे राहणे मानवते, वांग्याला मानवत नाही. यासाठी गादीवाफे करावेत. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटर उंच असा वाफा सोयीचा पडतो. रुंदी मीटरभरच ठेवण्याचे कारण असे की, दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही.

खत विकत आणण्याची गरज नाही. जेथे अनेक माणसांचा स्वयंपाक होतो तेथे भाज्यांची साले, देठ आणि पालापाचोळा भरपूर निघतो. सर आल्बर्ट हॉवर्ड या शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे राहून, आपल्या शेतकऱ्यांकडूनच शिकून, कंपोस्टची एक पद्धत बसविली. ती इंदूर पद्धत म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. सुका पाला किंवा धानाचे तणीस यांचा एक थर, त्यावर ओल्या कचऱ्याचा दुसरा थर, वर थोडे शेण आणि माती, असे थर रचावेत. ढीग ओलसर ठेवावा व मधूनमधून उलटावा. ढिगात असंख्य सूक्ष्म जीव वाढतात. ते कचरा खाऊन त्याचे विघटन करतात. त्यांच्या या कार्यामुळे ढीग आतून कढत होतो. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत तयार होते.

आता पिकांची निवड. येथे तुरुंगाच्या शिस्तीचा विचार करावा लागतो. भिंतीलगत उंच मांडव घालता येत नाही, कारण ज्याच्यावर वेल चढते त्याच्यावर माणूसही चढू शकतो! बांबू, दोर, तार यांवर कडक नजर असते. म्हणून दुधी-कारल्याचा मोह आवरून बुटक्या पिकांपासून आरंभ करावा. पावसाळ्यात भेंडी, चवळी, अंबाडी आणि वांगी लावावीत. हिवाळ्यात पालक, मेथी, मुळा, कोथिंबीर आणि टोमॅटो ही पिके घ्यावीत. उन्हाळ्यात आपल्याकडचे ऊन जाळून काढणारे असते. तेव्हा थोड्याच वाफ्यांत तांदुळजा घ्यावा आणि मातीवर तणसाचे आच्छादन घालावे. त्यामुळे ओल टिकते.

पहिल्या हंगामात मेथी आणि मुळा अवश्य पेरावेत. मेथी चार आठवड्यांत खुडता येते, मुळा सहा आठवड्यांत उपटता येतो. वांग्याचे तसे नाही. त्याचे बी आधी रोपवाटिकेत टाकावे लागते. चार-पाच आठवड्यांनी रोपे दोन-दोन फूट अंतरावर लावावी लागतात आणि त्यानंतर दोन महिन्यांनी फळ हाती येते. ज्यांचे दिवस मोठ्या कष्टाने सरतात त्यांच्यासाठी लवकर दिसणारे यश फार मोलाचे असते. चवळीचे एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. तिच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतील जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. म्हणून चवळी निघाली की त्या वाफ्यात पालेभाजी पेरावी. तिला आयते खत मिळते.

कीड येणारच. पानांखाली मावा बसेल, वांग्याच्या शेंड्यात अळी शिरेल. परंतु जेथे लहान मुले वावरतात तेथे विषारी औषधे नकोत. वाळलेल्या निंबोळ्यांतील गराची ५० ग्रॅम पूड फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी ती चांगली पिळून घ्यावी आणि सर्व मिळून एक लिटर द्रावण करून पानांवर शिंपडावे. अळीने पोखरलेले शेंडे खुडून नष्ट करावेत. वाफ्यांच्या कडेने झेंडू लावावा. तो काही किडींना आपल्याकडे ओढून घेतो आणि देवाच्या तसबिरीसाठी फुलेही देतो.

खुरपी, विळे आणि कुदळी या कामात लागतातच. परंतु त्या शस्त्रासारख्याही वापरता येतात. म्हणून काम सुरू होताना प्रत्येक अवजार मोजून द्यावे आणि संपताना मोजून परत घ्यावे. एक खुरपे कमी भरले तर ते सापडेपर्यंत कोणालाही हलता येणार नाही. विद्यार्थिनींनी ही मोजणी स्वतःपासून सुरू करावी. बंदी स्त्रियांची अवजारे मोजली आणि आपली मोजली नाहीत, तर त्यांच्या मनाला लागते. नियम सर्वांना सारखा असला की तो कोणाला बोचत नाही.

आता या कामातील सर्वांत अवघड भाग सांगतो. खणणे सोपे, बोलणे कठीण. विद्यार्थिनी पहिल्या दिवशी आत जातात तेव्हा त्यांच्या ओठांवर एक प्रश्न असतो : "बाई, तुम्ही काय केले?" हा प्रश्न कधीही विचारू नये. त्याचा विचार न्यायालय करील. आपण विचारावे ते असे : "मावशी, तुमच्याकडे अंबाडी केव्हा पेरतात?" या प्रश्नाने चमत्कार होतो. कारण आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ स्त्रिया लहानपणापासून चिखलात उभ्या राहून धानाची रोवणी करीत आलेल्या असतात. घरामागची सांदवाडी त्यांनीच राखलेली असते. पऱ्हे केव्हा उपटावे, बियाणे राखेत घोळून कसे ठेवावे, कोणते ढग बरसतात आणि कोणते नुसते फिरून जातात, हे त्यांना ठाऊक असते. महाविद्यालयातील मुलगी पुस्तक घेऊन शिकवावयास जाते आणि मावशीकडून शिकून परत येते. ज्या स्त्रीला कित्येक दिवस केवळ आज्ञा ऐकण्याची सवय झाली, तिला कोणीतरी सल्ला विचारते, ही गोष्ट लहान नव्हे.

या भाजीचा आहारालाही उपयोग होतो. आपल्या देशातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो, आणि लोहाची कमतरता हे त्याचे एक कारण असते. हिरव्या पालेभाज्यांत लोह असते. त्यांच्या जोडीला लिंबू किंवा टोमॅटो असेल तर ते लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. रोजच्या वरणभाताबरोबर मूठभर ताजी मेथी आली तर आई आणि मूल दोघांनाही ती हवीच असते.

परंतु येथे एक पेच उभा राहतो. समजा, एका स्त्रीने श्रावणात वांग्याची रोपे लावली. रोज पाणी घातले. आणि वांगी धरण्याच्या आधीच तिला जामीन मिळाला. ती आनंदाने घरी गेली. तिची वांगी कोण खाणार? उघडच आहे, जी मागे राहिली ती खाणार. आणि ज्या स्त्रीने आज सकाळी रडत रडत त्या दारातून आत पाऊल टाकले, तिच्या पहिल्या ताटात पडलेली भाजी कोणी पेरली होती? जिचे नावही तिला ठाऊक नाही अशा कोणा मावशीने. अशा वाडीत पेरणारे आणि खाणारे हात पुष्कळदा वेगळे असतात. आपल्या पूर्वजांनी जे तलाव खोदले त्यांच्या पाण्यावर आपण आज धान पिकवितो. त्यांनी आपल्याला पाहिले नव्हते. भंडाऱ्याच्या मुलांना ही रीत नव्याने शिकवावी लागू नये.

मात्र या वाडीविषयी खोटी आशा बाळगू नये. चार वाफ्यांनी खटला लवकर निकाली निघत नाही, की कोणाचे दुःख नाहीसे होत नाही. ज्यांना न्यायालयात बाजू मांडावयाची आहे त्यांना वकील हवा. १९८७ च्या कायद्यान्वये प्रत्येक स्त्रीला आणि कोठडीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत कायदेशीर साहाय्य मागण्याचा अधिकार आहे. हा अधिकार मेथीपेक्षा महत्त्वाचा आहे, आणि तो प्रत्येकीला माहीत असला पाहिजे. वाडीचे काम वेगळे आहे. ज्या जागी माणूस केवळ वाट पाहत बसतो, त्या जागी ती त्याला उद्याचे एखादे काम देते. उद्या पाणी घालावयाचे आहे, परवा खुरपावयाचे आहे, आठ दिवसांनी फूल येणार आहे, एवढ्या आधारावरही मन तग धरते.

एक गोष्ट विद्यार्थ्यांनीही पाळली पाहिजे. काम सुरू केले तर ते मध्येच सोडू नये. परीक्षा आली, सुट्टी लागली, म्हणून येणे बंद केले आणि वाफे सुकले, तर भिंतीबाहेरची माणसे आपल्याला विसरतात हीच समजूत आत पक्की होईल. त्यापेक्षा आरंभ न केलेला बरा. वर्षभराच्या पाळ्या आधीच ठरवाव्यात आणि मगच पहिली कुदळ मारावी.

मुलांनो, तुम्ही अजून लहान आहात. तुम्हांला त्या दारातून आत जाता येणार नाही. परंतु तुमच्या शाळेत परसबाग असेल. तिच्यातील सर्वांत चांगल्या वांग्याचे, भेंडीचे आणि चवळीचे बी या वर्षी वेगळे काढून वाळवा. कागदाच्या पुड्या करा. पुडीवर पिकाचे नाव आणि पेरणीचा महिना सुवाच्य अक्षरांत लिहा. अधीक्षकांच्या परवानगीने तुमचे शिक्षक त्या आत पोहोचवू शकतील. तुमचे बी कोणी पेरले, हे तुम्हांला कदाचित कधीच कळणार नाही. मात्र एखाद्या सकाळी, चार-पाच वर्षांचे एक मूल आईचे बोट धरून वाफ्यापाशी उभे राहील, आणि कालपर्यंत जेथे नुसती माती होती तेथे दोन हिरवी पाने पाहून आईला विचारील, "हे काय आहे?" आणि आई त्याला सांगेल.